नळ कोरडा, दाद कुणाकडे?

12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. एका घागरीमागे किती सरकारं राबतात, हे त्या उन्हाळ्यात लातूरकरांनी पाहिलं.

रेल्वे केंद्राची, वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन आल्या. कृष्णेचं पाणी देणं राज्याच्या हातात. गाडीतून उतरलेलं पाणी टँकरने गल्लीबोळांत पोचवणं महापालिकेचं. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावली, ती जिल्हाधिकाऱ्यांनी. हे पद राज्य शासनाचं, महापालिकेचं नव्हे. नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते.

राज्यघटनेने पाणी हा विषय राज्यसूचीत ठेवला आहे. म्हणून लातूरसाठी मांजरा असो की नांदेडसाठी विष्णुपुरी, धरणातल्या पाण्याचं नियोजन राज्याचं जलसंपदा खातं करतं. गोदावरी आणि मांजरा पुढे तेलंगणात जातात. अशा आंतरराज्य नद्यांच्या तंट्यात केंद्राचा कायदा लागू होतो. शहरातली जलवाहिनी मात्र महापालिकेची, गावातली नळयोजना सहसा ग्रामपंचायतीची. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी जे 18 विषय सांगितले, त्यांत घरगुती पाणीपुरवठा आहे.

तेव्हा शहरात पाणी गढूळ आलं किंवा वाहिनी फुटली, तर आमदार-खासदारांच्या दारी जाण्याआधी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच जपून ठेवा.