पाणी मोजलं म्हणून काम कच्चं होत नाही

गडचिरोलीतल्या चामोर्शी-मार्कंडा पट्ट्यात कुठंही सिमेंटचं काम सुरू असू द्या, दोन वाक्यं हमखास कानावर येतात. मिक्सरपाशी मिस्त्री ओरडतो, "अजून एक बालटी टाक बे, माल चालला पाहिजे." आणि नवा रस्ता बघायला जमलेल्यांतला एखादा म्हणतो, "कंपनीवाले पाणीच नाही मारून राहिले. पांढरं काहीतरी फवारतात आन् जातात. दोन वर्षांत उखडते पाहा." दोन्हींच्या बुडाशी समजूत एकच: पाणी जितकं जास्त तितकं काम पक्कं, आणि पाणी वाचवणारी कंपनी म्हणजे काम मारणारी कंपनी. त्यातून मार्कंड्याला वैनगंगा दारातच, तीही उत्तरवाहिनी. मग इथं पाणी कशाला मोजायचं, असा वर सवाल.

ही समजूत शिकलेसवरलेलेही छातीठोकपणे सांगतात, म्हणून तिचा समाचार जरा सविस्तर घेऊ.

काँक्रीटला पाणी दोनदा लागतं. एकदा माल कालवताना आणि एकदा माल बसल्यावर. पहिलं मोजून घालायचं असतं, दुसरं टिकवायचं असतं. आपल्याकडे पहिलं हात सैल सोडून ओततात आणि दुसरं दोन दिवसांत विसरतात.

आधी कालवण्याचं पाणी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण 38 टक्के पाणी पुरतं. म्हणजे 50 किलोच्या एका पोत्याला 19 लिटर. पण तेवढ्यात माल हलत नाही, सळयांच्या फटीत उतरत नाही. म्हणून वर थोडं द्यावं लागतं. आयएस 456 : 2000 या भारतीय मानकात एम-20 दर्जाच्या साध्या प्रमाणातल्या मालासाठी पोत्यामागे जास्तीत जास्त 30 लिटर दिले आहेत. ही कमाल मर्यादा आहे. तिच्यावर मिस्त्रीच्या मर्जीची बालटी धरलेली नाही.

या 30 लिटरवर आणखी 10 लिटर गेले की काय होतं? क्रियेत न वापरलेलं पाणी पुढं उडून जातं आणि त्याच्या जागी केसासारख्या बारीक पोकळ्या राहतात. ताकद तिसऱ्या हिश्श्यानं सहज घटते. पाणी आणि सिमेंट यांचं गुणोत्तर वाढलं की ताकद उतरते, हे डफ अब्राम्स या अमेरिकी संशोधकानं 1918 साली मांडलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी आमचा मिस्त्री अजून 'माल चालला पाहिजे'वरच आहे. पुढं पावसाळ्यात त्याच पोकळ्यांतून पाणी आत शिरतं, सळई गंजते, स्लॅब गळतो आणि शिव्या सिमेंटला बसतात.

आता रेतीकडं बघा. एम-20 च्या एका पोत्याला साधारण 80 किलो रेती लागते. नदीतून ताजी आणलेली रेती 5 टक्के ओली असली, तरी तिच्यासोबत 4 लिटर पाणी मालात गुपचूप येतं. तेवढं 30 मधून वजा करायला मानक सांगतं. घरकुलाच्या कामावर ही वजाबाकी कोण करतं? मोठ्या कामावर मात्र ती करावीच लागते. प्लांटवर रोज रेतीची ओल तपासतात आणि त्यानुसार पाणी कमी करतात. माल आला की 30 सेंटिमीटर उंचीचा लोखंडी शंकू भरून उचलतात आणि ढीग किती खचला ते पट्टीनं मोजतात. ढीग ठरल्यापेक्षा जास्त खचला तर गाडी परत पाठवता येते. पाणी वाचवणं म्हणतात ते इथून सुरू होतं, आणि इथं वाचलेल्या प्रत्येक लिटरनं काम पक्कंच होतं.

दुसरं पाणी तराईचं. मानक म्हणतं, साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पृष्ठभाग सतत ओला हवा. राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा उष्ण-कोरडी असेल तर किमान 10 दिवस, आणि मिश्र सिमेंटला 14 दिवसांपर्यंत वाढवावे अशी शिफारस आहे. आपल्या भागातल्या दुकानात मिळणारं बरंचसं सिमेंट राखेचंच, म्हणजे पीपीसी. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रासारख्या ठिकाणची राख त्यात जाते. राखेची क्रिया सावकाश चालते आणि तिला ओल जास्त दिवस लागते. त्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना. म्हणजे "तीन दिवस मारलं, झालं" हा हिशेब इथं दुप्पट चुकीचा.

पण 'सतत ओला' म्हणजे सकाळ-संध्याकाळ पाईप धरणं नव्हे. सकाळी मारलेलं पाणी दुपारी बारापर्यंत उडतं, उरलेलं जमिनीत जातं आणि पृष्ठभाग भर उन्हात कोरडा पडतो. धानाच्या बांधीला आधी धुरा घालून पाणी अडवायचं असतं, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. स्लॅबला तोच न्याय लावा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर मातीच्या छोट्या पाळी घालून 5 सेंटिमीटर पाणी साठवलं तर एकदाच साधारण साडेचार हजार लिटर लागतं. पुढं रोज उडालेलं तेवढं भरून काढायचं.

उभ्या खांबावर पाणी साठत नाही. चामोर्शी तालुक्यातल्या चिचडोह बॅरेजला 38 दरवाजे आहेत. तेवढ्या दरवाज्यांमधल्या उभ्या खांबांवर दिवसभर पाईप मारत बसलं तर बहुतेक पाणी खालीच जाणार. अशा ठिकाणी ओलं गोणपाट गुंडाळतात, वरून प्लास्टिक आवळतात किंवा तराईचं द्रव्य फवारतात.

म्हणजे तेच, ज्यावर सगळ्यांचा राग आहे ते 'पांढरं काहीतरी'. त्याचा पातळ पापुद्रा बनतो आणि आतलं पाणी आतच कोंडतो. रंग पांढरा, कारण त्यानं ऊन परतवलं जातं. अभियंत्याच्या परवानगीनं हे द्रव्य वापरायला आयएस 456 ची मुभा आहे. सिमेंट रस्त्यावर तर आधी हा फवारा आणि मग ओलं गोणपाट, दोन्ही करायचे असतात आणि ओल 14 दिवस राखायची असते. म्हणून फवारा दिसला की लगेच चोरी म्हणू नका. फवारा ठिगळाठिगळांचा असेल, कडा सुटल्या असतील, गोणपाट दुपारी दोन वाजता कोरडं खडखडीत असेल, तर मात्र खुशाल बोंब मारा. ती पाणी वाचवण्याच्या नावाखाली केलेली कामचोरीच आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"केमिकल टाकलं म्हणजे भेसळ." माल कालवताना घालतात ते हे द्रव्य, फवाऱ्याचं नव्हे; ते पाणी न वाढवता माल सैल करतं. चांगल्या द्रव्यानं पाणी 20 टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त, कमी करता येतं.

"बांधकामाला प्यायचंच पाणी लागतं." पिण्याजोगं पाणी चालतं, पण तेच हवं असं नाही. सांडपाणी शुद्ध करून तपासणीत उतरलं तर तेही चालतं.

"नदीचं पाणी कसंही चालतं." नाही. सामू 6 पेक्षा कमी नको, गाळ लिटरला 2000 मिलिग्रॅमच्या आत हवा आणि सळईच्या कामात क्लोराइड 500 च्या आत. पुराचं गढूळ पाणी आधी हौदात निवळू द्यावं लागतं.

"मिक्सर धुतलेलं पाणी नाल्यात सोडलं तर काय बिघडतं?" ते तीव्र अल्कली असतं, मासे मारतं. निवळून पुन्हा वापरता येतं.

"मार्कंड्याची मंदिरं सिमेंटशिवाय हजार वर्षं टिकली, मग हे सगळं कशाला?" ती घडीव दगडांच्या वजनावर आणि बसणीवर उभी आहेत, त्यांत गंजायला सळयांचा सांगाडा नाही. तुलनाच चुकीची.

"नदी आहे, मग टंचाई कसली?" गडचिरोलीत वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण खाली मोठ्या भागात कठीण खडक आहे, तो पाणी फारसं धरत नाही. उन्हाळ्यात कामावरच्या बोअरचा उपसा जवळच्या विहिरीला जाणवू शकतो. आणि नदी कंपनीच्या मालकीची नाही. शेतीबाहेरच्या वापरासाठी पाटबंधारे विभागाची परवानगी लागते, पाणीपट्टी भरावी लागते.

गावात सरकारी काम निघालं की ग्रामसभेत चार गोष्टी विचारा: पाणी कुठून उचलता आणि परवानगी कुठाय, पोत्यामागे किती लिटर घालता, तराई किती दिवस आणि कशानं, आणि त्याच मालाच्या 28 दिवसांच्या ठोकळ्यांचा ताकद-तपासणी अहवाल कधी दाखवता. स्वतःचं घरकुल असेल तर 15 लिटरच्या बालटीला आतून रेघ मारा. पोत्यामागे अशा दोन, त्यातून ओल्या रेतीचे चार लिटर वजा. तिसरी बालटी उचलली की मिस्त्रीचा हात धरा. तो चिडेल. चिडू द्या, छत तुमचं आहे.