अ‍ॅस्पिरिनने लिव्हरचा कॅन्सर टळतो का? काय आहे हे प्रकरण?

स्वारगेट एसटी स्टँडच्या आसपासच्या कुठल्याही मेडिकलसमोर पाच मिनिटं उभे राहा. प्रवासात कंबर धरली, गुडघा दुखतोय म्हणत कुणीतरी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी मागताना दिसेलच. सूज कमी करणाऱ्या या औषधांच्याच कुटुंबातली एक जुनी गोळी म्हणजे अ‍ॅस्पिरिन. ती लिव्हरच्या कॅन्सरपासून वाचवू शकेल का, याचा शोध संशोधक घेतायत.

पण सुजेचा आणि कॅन्सरचा संबंध काय?

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू किंवा साठलेली चरबी यामुळे लिव्हरला वर्षानुवर्षं सूज राहू शकते. पेशी मरतात, नव्या तयार होतात, त्याही मरतात. या सततच्या डागडुजीत लिव्हरमध्ये वण साठत जातात (सिरॉसिस तो हाच) आणि नव्या पेशींच्या डीएनएमध्ये चुका होण्याची शक्यता वाढते. मग सूजच आटोक्यात ठेवली तर?

२०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्वीडनमधला एक मोठा अभ्यास आला. हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्या ५०,२७५ जणांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये १० वर्षांत लिव्हर कॅन्सरचं प्रमाण ४ टक्के होतं, न घेणाऱ्यांमध्ये ८.३ टक्के. गोळी जितकी जास्त वर्षं घेतली, तितका फरक मोठा.

आकडे दमदार आहेत. तरी हा नोंदींचा अभ्यास आहे. लोकांचे गट पाडून औषध देऊन पाहिलेलं नाही. त्यामुळे फरक अ‍ॅस्पिरिननेच पडला, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय हा प्रश्न कॅन्सर टाळण्याचा होता. झालेला कॅन्सर त्याने बरा होतो, असं यातून निघत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचा सहभाग असलेल्या 'अ‍ॅड-अ‍ॅस्पिरिन' चाचणीत कॅन्सरच्या उपचारानंतर अ‍ॅस्पिरिन देऊन तो परत येणं थांबतं का, हे तपासलं जातंय. त्यात स्तन, आतडं, प्रोस्टेट, अन्ननलिका-जठर यांचे कॅन्सर आहेत, लिव्हरचा नाही.

आणि मेडिकलमधल्या त्या पेनकिलरचं काय? सिरॉसिस असलेल्यांना डॉक्टर ती टाळायलाच सांगतात, कारण त्यांच्यात किडनीला इजा आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो. घरात कुणाला लिव्हरचा त्रास असेल, तर अ‍ॅस्पिरिनसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

हिपॅटायटिस बीची लस मात्र बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.