खर्च चौपट, समाधान उणे

१९९० ते २०१० या वीस वर्षांत चीनमधल्या सामान्य माणसाची खर्च करण्याची ऐपत किमान चौपट झाली. घरोघरी फ्रिज आले, रंगीत टीव्ही आले. याच काळात ‘आयुष्याबाबत तुम्ही किती समाधानी आहात?’ हा प्रश्न लोकांना वेगवेगळ्या पाहण्यांत विचारला जात होता. समाधान मात्र आधी घसरत गेलं आणि २००० नंतर कुठे सावरू लागलं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हे चित्र मांडलं. सर्वांत मोठा फटका बसला होता तो कमी उत्पन्नाच्या आणि कमी शिकलेल्या माणसांना.

याचं कारण तिथल्या जुन्या सरकारी कारखान्यांत सापडतं. पगार बेताचाच असे. पण राहायची खोली कारखान्याची, दवाखाना कारखान्याचा, पोरांची शाळा आणि म्हातारपणीची पेन्शनही तिथलीच. दिवसा शेजारच्या यंत्रावर उभा असणारा माणूस संध्याकाळी भिंतीपलीकडचा शेजारी असे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात यांतले कितीतरी कारखाने बंद पडले किंवा विकले गेले आणि कोट्यवधी कामगार घरी बसले. १९८२ च्या गिरणी संपानंतरचं मुंबईतलं गिरणगाव ज्यांनी पाहिलं, त्यांना यातली होरपळ वेगळी सांगायला नको.

पगाराखेरीज चीनमधल्या या कामगारांचं काय गेलं? मूल्यांवरचं एक संशोधन इथे उपयोगी पडतं. इस्रायली मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये माणसाच्या मूल्यांचे दहा प्रकार मांडले. सुरक्षितता, परंपरा, परोपकार, यश, सत्ता, स्वातंत्र्य ही त्यांतली काही. ती थोड्याफार प्रमाणात सगळ्यांपाशी असतात. वेगळा असतो तो त्यांचा अग्रक्रम. पुढे लिलाख सागिव यांच्यासह त्यांनी मानसशास्त्राचे आणि व्यवसाय व्यवस्थापनाचे विद्यार्थी अभ्यासले. आपल्या विभागातल्या वातावरणाशी ज्यांची मूल्यं जुळत होती, ते अधिक खुशीत होते. सत्तेची ओढ व्यवस्थापनाच्या वर्गात खपून जाते. मानसशास्त्राच्या वर्गात तीच ओढ माणसाला एकटं पाडू शकते.

चीनमधल्या कामगारांच्या बाबतीत हेच घडलं असावं, असं मला वाटतं. स्थैर्य आणि सोबत यांना किंमत असलेल्या जगात ते वाढले. नव्या बाजारात भाव होता तो जोखमीला आणि चढाओढीला. त्यांच्या मूल्यांत काही खोट नव्हती. त्यांची कदर करणारी जागाच उरली नव्हती. अशा माणसाला ‘काळाबरोबर बदला’ म्हणून सुनावणं अन्यायाचं आहे. तरुणपणी रुजलेली मूल्यं पन्नाशीत, कारखान्याला टाळं लागलं म्हणून, सहजासहजी बदलत नाहीत.

पुढे रोजगार सुधारला, आरोग्य विमा आणि पेन्शनची घडी पुन्हा बसू लागली, तसं समाधानही वर आलं. म्हणजे बदलाची किंमत कमी करणं समाजाच्या हातात असतं. कारखाना बंद करण्याआधी कामगाराच्या दवाखान्याची, घराची आणि पेन्शनची सोय लावणं हा उपकार नव्हे. विकासाच्या हिशेबात तो खर्च पहिल्या दिवसापासून धरलाच पाहिजे.