दोन सेलांवर मातीची ओल मोजताना



रब्बीचे दिवस, विहिरीला पाणी बेताचे आणि विजेची पाळी कधी दिवसा तर कधी मध्यरात्री. अशा वेळी गव्हाला आज पाणी सोडायचे की चार दिवस थांबायचे, हा प्रश्न आपण मातीचा गोळा मुठीत दाबून सोडवतो. ही मूठ खोटी नाही. वाफसा ओळखायला तिच्याइतके जवळचे साधन दुसरे नाही. पण मूठ बहुधा वरवरची माती पाहते. वीत-दीड वीत खाली, मुळांपाशी किती ओल आहे, हे रोज उकरून कोण पाहणार?

अशात घरातली शाळकरी मुलगी म्हणते, "बाबा, मला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणून द्या, मी ओल मोजून दाखवते." हे काय नवे खूळ, असे तुम्हांला वाटेल. खूळ म्हणून झटकू नका. आणि मुलांनो, तुम्हीही घाई करू नका. हा लेख तुम्हां दोघांसाठी आहे.

बोर्ड म्हणजे काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेराएवढा संगणक. एकदा शिकवलेले एकच काम तो इमानाने करत राहतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये, कपडे धुण्याच्या यंत्रात, दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात तोच बसलेला असतो. ही चिप, संगणकाला जोडायची खाच, एखादा दिवा आणि बटण एकाच पाटीवर बसवले की झाला शिकण्याचा बोर्ड.

असे बोर्ड पुष्कळ आहेत. इथे एकाचेच उदाहरण घेऊ. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी आहे, आणि १९८५ पासून तिचे संशोधन केंद्र बंगळुरूलाही आहे. तिने २०१० साली 'लाँचपॅड' नावाचा बोर्ड ४.३० डॉलरला काढला, तो विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून. त्याच घराण्यातल्या पुढच्या बोर्डाचे नाव एमएसपी-ईएक्सपी४३०जी२ईटी. त्यावरच्या एमएसपी४३०जी२५५३ या चिपला २० पाय आहेत. कार्यक्रम साठवायला १६ किलोबाइट जागा आणि चालू कामाच्या टिपणाला फक्त ५१२ बाइट. मोबाईलच्या मानाने ही कोठी फार लहान. पण ओल मोजायला एवढी पुरते.

कमी वीज, म्हणजे किती?

ही चिप १.८ ते ३.६ व्होल्टवर चालते, म्हणजे घड्याळात घालतो तसले दोन पेन्सिल सेल तिला पुरतात. मंद गतीने जागी असताना ती सुमारे २३० मायक्रोअँपिअर वीज घेते, आणि झोपली की सुमारे अर्धा मायक्रोअँपिअर. हा फरक ४६० पटींचा आहे. आतले घड्याळ चालू ठेवून ती झोपते आणि हाक मारली की सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आत जागी होते. कमी विजेचे सारे गुपित या झोपेत आहे.

आता हिशेब करू. सेलांत २००० मिलिअँपिअर-तास वीज आहे असे धरा. ओल मोजणारा सेन्सर ५ मिलिअँपिअर घेतो असे समजा. तो सतत चालू ठेवला तर ४०० तासांत, म्हणजे सतरा दिवसांत सेल संपतील. तोच सेन्सर दर अर्ध्या तासाने फक्त एक सेकंद चालू केला तर दिवसाकाठी ४८ सेकंदच वीज लागेल. खर्च अठराशेव्या हिश्श्यावर आला. मग सेल वापराने संपण्याआधी जुने होऊनच निकामी होतील. बंधूंनो, चोवीस तास वाहणारे पाट आणि पाळीने दिलेले पाणी यांत जो फरक, तोच हा फरक.

सुरुवात कशी करावी?

पहिली पायरी दिव्याची. बोर्ड संगणकाला जोडा. कंपनीचे 'कोड कंपोझर स्टुडिओ' हे साधन विनामूल्य मिळते, त्यात 'सी' भाषेत कार्यक्रम लिहितात. २०१६ साली सुरू झालेल्या योजनेतून काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब झाल्या आहेत. तुमच्या शाळेत असेल तर सरांना विचारून तिथेच बसा. बोर्डावरचा पहिला दिवा चिपच्या पी १.० या पायाला आहे. तो दर सेकंदाला लावा-विझवा. एवढे जमले म्हणजे अर्धी वाट सरली.

इथे एक खुबी ध्यानात ठेवा. या चिपमध्ये 'वॉचडॉग' नावाचा राखणदार आहे. कार्यक्रम कुठे अडकला तर तो चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चिप सुरू होताच तोही जागा असतो. म्हणून शिकताना पहिल्याच ओळीत त्याला बांधून ठेवावे लागते. नाहीतर दिवा का लागत नाही, म्हणून तासन्‌तास डोके खाजवाल.

दुसरी पायरी झोपेची. दिवा लावून झाला की चिपला झोपवा आणि पी १.३ वरच्या बटणाने उठवा. किती वीज जाते, ते या बोर्डाच्या 'एनर्जीट्रेस' सोयीने संगणकाच्या पडद्यावर दिसते. सेलांवर चालवताना यूएसबीकडचा भाग आणि चिप यांमधले जंपर काढा, म्हणजे तो भाग फुकट वीज खाणार नाही.

तिसरी पायरी सेन्सरची. दोन उघड्या काट्यांचा स्वस्त सेन्सर मातीतून वीज पाठवतो. तो लवकर गंजतो आणि मातीत क्षार किंवा खत असले की आकडा बदलतो. कपॅसिटिव्ह जातीचा घ्या. तो ३ व्होल्टवर चालतो ना, हे दुकानात विचारून घ्या. त्याची वीज थेट सेलांवरून न देता चिपच्या एका पायावरून द्या, म्हणजे मोजण्यापुरतीच ती चालू राहील. सेन्सरच्या वरच्या भागावरचे सुटे भाग पाण्यापासून नीट झाका.

आकडा बोलका कसा करायचा?

चिप तुम्हांला ० ते १०२३ यांतला एक आकडा देईल. बऱ्याच कपॅसिटिव्ह सेन्सरांत ओल वाढली की आकडा उतरतो, तेव्हा गोंधळू नका. पण ६०० म्हणजे कोरडे की ओले? ते चिपला ठाऊक नाही, ते तुमच्या मातीला विचारायचे आहे.

मुळांच्या खोलीवरची माती घेऊन वजन घटायचे थांबेपर्यंत उन्हात वाळवा. त्यातली एक किलो डब्यात भरा आणि सेन्सर खोचून आकडा लिहा. मग ५० मिलिलिटर पाणी घालून नीट कालवा, सारखीच दाबा आणि पुन्हा लिहा. असे चार-पाच वेळा करा. दर वेळी वजनाने पाच टक्के ओल वाढली, असा ढोबळ तक्ता तयार होईल. प्रयोगशाळेत माती १०५ अंशांवर भट्टीत वाळवतात, तेवढी अचूकता घरी येणार नाही. पण आपल्याला निर्णयापुरता अंदाज हवा आहे.

मग सेन्सर शेतात, वीतभर ते फूटभर खोल, न हलणाऱ्या मातीत पुरा. पाणी दिल्यावर वाफसा आला त्या दिवशीचा आकडा लिहा. अनुभवी मूठ "आता पाणी हवे" म्हणेल त्या दिवशीचाही लिहा. महिनाभर बाबांची मूठ आणि मुलीचा आकडा एकाच वहीत शेजारी शेजारी मांडा. मग चिपला असे शिकवा की बटण दाबल्यावर ओल भरपूर असेल तर दिवा एकदा लुकलुकावा, वाफशाला दोनदा आणि पाण्याची वेळ झाली की तीनदा. शेतात संगणक न्यायची गरज उरणार नाही.

तीन गोष्टी सांभाळा

काळ्या जमिनीला भेगा पडल्या की सेन्सरशेजारी हवा शिरते आणि माती ओली असूनही कोरडी दिसते. म्हणून अधूनमधून उकरून पडताळा घ्या. एका सरीतला आकडा साऱ्या शेताला लावू नका, मुरमाड टोक आणि खोल काळी यांचे पाणी वेगळे असते. आणि हा बोर्ड मोटारीच्या स्टार्टरला किंवा घरच्या विजेला मुळीच जोडू नका. ते शिकाऊ हातांचे काम नव्हे, त्यात जिवाला धोका आहे.

आता तुम्ही विचाराल, मूठ असताना एवढा खटाटोप कशाला? एक पाळी विनाकारण दिली की विहिरीतले तेवढे पाणी गेले, आणि दाणा भरायच्या वेळी तेच पाणी कमी पडते. वहीतली दोन खाती महिनाभर जुळली, तर ती एक पाळी तुम्ही निर्धास्तपणे पुढे ढकलू शकाल. न जुळली, तर कोण का चुकले हे बाप-लेकींनी बांधावर बसून शोधावे. त्यातही दोघांना आपली जमीन अधिक कळेल. या आठवड्यात बोर्ड आला नाही तरी चालेल. वही मात्र आजच घाला.