एका गावात सहा फूट, शेजारी जेमतेम

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये सहा फुटांहून जास्त बर्फ पडला. थोड्याच मैलांवर, उत्तरेकडे, त्या मानाने फारच कमी. असं का? हिवाळ्याच्या तोंडावर शेजारचं ईरी सरोवर गोठलेलं नसतं. उन्हाळ्याची ऊब पाण्यात शिल्लक असते. त्यावरून वाहणारी गारठलेली हवा बाष्प उचलते आणि किनाऱ्यालगत अरुंद पट्ट्यात बर्फ ओतते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात साधारण १३ अंश सेल्सिअसचा फरक पडला, की हवामानतज्ज्ञ सावध होतात. मात्र वारा जरासा वळला, तरी पट्टा दुसऱ्याच गावावर सरकतो. म्हणून अशा वेळी आपल्या वस्तीपुरता अंदाज पाहावा, आणि तोही दर काही तासांनी.