पेन्शन केव्हा सुरू करावी?

खाजगी कारखान्यांत, गिरण्यांत आणि पेढ्यांवर ज्यांनी आपली उमेदीची वर्षे खर्ची घातली, त्यांना 16 नोव्हेंबर 1995 रोजी अमलात आलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेने, किमान दहा वर्षांची नोकरी भरली असल्यास, तहहयात दरमहा काही रक्कम मिळण्याचा हक्क दिला. परंतु ती रक्कम कोणत्या वयापासून घ्यावयाची हा निर्णयही त्यांच्यावरच सोपविला, आणि तो निर्णय बहुतेक घरांत विचाराने होण्याऐवजी निकडीने होतो, ही मला चिंतेची बाब वाटते.

पूर्ण पेन्शनचे वय 58. नोकरी सुटली असेल तर पन्नाशी पूर्ण झाल्यावर केव्हाही अर्ज करता येतो. मात्र 58 ला जितकी वर्षे कमी असतील, तितक्या वर्षांमागे 4 टक्के कपात होते आणि ती जन्मभर कायम राहते. उलटपक्षी 60 पर्यंत थांबणाऱ्यास वर्षामागे 4 टक्के वाढ मिळते.

आता ज्याची पूर्ण पेन्शन 5,000 रुपये बसते असा सूतगिरणीतला एखादा जॉबर घ्या. गिरणी बंद पडल्यामुळे त्याने 55 व्या वर्षी पेन्शन सुरू केली, तर हाती 4,400 रुपये येतील. 58 पर्यंतच्या 36 महिन्यांत त्याला 1,58,400 रुपये मिळून चुकतील. त्यानंतर पूर्ण पेन्शनच्या मानाने दरमहा 600 रुपयांची तूट सुरू होईल, आणि ती आगाऊ रक्कम या तुटीत जिरावयास 264 महिने, म्हणजे 22 वर्षे लागतील. ऐंशी वर्षांचा होईपर्यंत, निव्वळ बेरजेने पाहता, लवकर घेणाराच वरचढ. नोकरी संपल्यावर 60 पर्यंत वाट पाहणाऱ्याचा हिशेब तर याहून अवघड आहे: 1,20,000 रुपयांवर पाणी सोडून दरमहा सुमारे 400 रुपये जास्त पदरात पडतात, आणि ती भरपाई होईतो वय पंच्याऐंशीच्या घरात जाते. थांबण्यातच शहाणपण आहे हा सर्रास ऐकू येणारा सल्ला अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीला शोभतो. 1960 नंतर जन्मलेला मनुष्य तेथे 67 नंतर 70 पर्यंत थांबला तर वर्षाला 8 टक्के वाढ मिळते, आणि रक्कम महागाईबरोबर वाढत जाते. आमच्या योजनेत महागाई भत्ता नाही. म्हणून उशिरा मिळणारा रुपया मुळातच हलका झालेला असतो.

मग प्रत्येकाने पन्नाशी गाठताच अर्ज गुदरावा काय? माझे मत तसे नाही, आणि त्याचे मुख्य कारण घरातली स्त्री आहे. पेन्शनर निवर्तल्यावर विधवेस त्याच्या पेन्शनची निम्मी रक्कम मिळते. म्हणजे जॉबरने 58 ला सुरुवात केली असेल तर 2,500, 55 ला केली असेल तर 2,200, आणि पन्नाशीतच केली असेल तर अवघे 1,700 रुपये. आपल्याकडे पत्नी सहसा वयाने धाकटी असते आणि वैधव्याची वर्षे लांबतात. दहा-डी क्रमांकाच्या अर्जाला नवराबायकोचा एकत्र फोटो जोडावा लागतो. तो काढून घेण्यासाठी बाईंना बाजारात नेले जाते, परंतु पेन्शन कोणत्या वर्षापासून घ्यावी, हे त्यांना विचारणारे नवरे फार थोडे.

दुसरे कारण सेवेच्या वर्षांचे. पेन्शन ठरते ती सरासरी पगारास सेवावर्षांनी गुणून व सत्तरने भागून. शिवाय वीस वर्षे पूर्ण करणाऱ्यास दोन वर्षे वाढवून धरली जातात. ज्याची सतरा-अठरा वर्षे भरली आहेत आणि ज्यास दुसरीकडे नोकरी मिळण्याचा संभव आहे, त्याने पेन्शनची घाई न करता स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) घ्यावे आणि जुनी सेवा नव्या ठिकाणी जोडून घ्यावी.

ज्याच्या डोक्यावर सावकाराचे देणे आहे अथवा ज्याची प्रकृती खालावली आहे, त्याने खुशाल लवकर घ्यावी; त्यात कमीपणा काहीच नाही. घरात दुसरी मिळकत सुरू असेल, तर 58 पर्यंत धीर धरावा. आणि कोणत्याही वयात अर्ज करण्यापूर्वी योजनेच्या दफ्तरातील जन्मतारीख व प्रत्येक नोकरीच्या रुजू होण्याच्या व सोडण्याच्या तारखा आपल्या कागदांशी ताडून पाहाव्यात, कारण कपातीची वर्षे मोजली जातात ती त्या नोंदींवरून.