जोड तुटावा, पण दगड फुटू नये

एखादी जुनी इमारत पडायला आली म्हणजे आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो मजबुतीचा. लोखंड घाला, सिमेंट ओता, मग शंभर वर्षे चिंता नको! वरवर पाहता हा विचार बिनचूक वाटतो. पण ग्रीस देशातील अथेन्स शहरी एका देवालयावर याच विचाराने केवढे संकट ओढवले आणि त्यातून तिथल्या जाणकारांनी कोणता धडा घेतला, ते आज आपल्याला पाहायचे आहे.

या देवालयाचे नाव पार्थेनॉन. अक्रोपोलिस नावाच्या टेकडीवर ते इसवी सनापूर्वी 447 मध्ये बांधायला घेतले. दर्शनी बाजूस 8 आणि लांबीच्या बाजूस 17 असे त्याचे बाहेरचे खांब. कोपऱ्यातले खांब एकदाच मोजले तर चारी बाजू मिळून ते 46 भरतात. प्रत्येक खांब सुमारे 34 फूट उंच. दगड सारा जवळच्या पेंटेली डोंगरातला पांढरा संगमरवर. आणि नवल असे की, या बांधकामात ना चुना, ना माती. जात्याच्या पाळ्या एकावर एक रचाव्यात तसे दगडाचे गोल तुकडे रचून खांब उभे केलेले आहेत. त्यांच्यावरच्या आडव्या शिळा एकमेकींना लोखंडी पट्ट्यांनी जोडलेल्या. पण जुन्या कारागिरांनी एक खबरदारी घेतली होती. प्रत्येक पट्टीभोवती त्यांनी वितळलेले शिसे ओतले. शिशामुळे हवा-पाणी लोखंडापर्यंत पोचत नाही, आणि ते मऊ असल्याने धक्काही सोसते.

पुढे 1687 साली युद्धात मोठा घात झाला. तुर्कांनी देवळात दारूचा साठा ठेवला होता. त्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडला, स्फोट झाला आणि मधला भाग उडाला. विखुरलेले दगड पुन्हा उभे करण्याचे काम 1898 पासून निकोलाओस बालानोस या अभियंत्याने हाती घेतले व कित्येक वर्षे चालवले. त्याची तळमळ खरी होती. पण त्याने शिळांत लोखंड बसवले ते शिशाच्या आवरणावाचून. शिवाय तुकडे नीट बसावेत म्हणून काही ठिकाणी मूळ दगडाच्या तुटक्या कडाही तासून सपाट केल्या.

मग काय झाले? आपल्या शाळेच्या जुन्या स्लॅबकडे वर बघा. सळई गंजली की खालचे सिमेंट फुगते आणि त्याचे पोपडे गळतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, हे त्याचे कारण. तेच अथेन्सला झाले. आतले लोखंड फुगले आणि दोन हजार वर्षे टिकलेला संगमरवर काही दशकांत आतून तडकला. म्हणजे ज्याला आधार म्हणून घातले, तेच पाचर ठरले!

1975 साली ग्रीक सरकारने अक्रोपोलिसच्या जतनासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. 1981 च्या भूकंपाने पार्थेनॉनच्या ईशान्य कोपऱ्याला इजा झाली, तेव्हा कामाची निकड आणखीच वाढली. गंजलेले लोखंड काढून त्या जागी टायटॅनियम हा धातू घालायचे ठरले. टायटॅनियम गंजत नाही. दुसराही एक गुण त्यात आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवून वाढवतो, हे आपण पाहिलेले आहे. उन्हातही धातू असाच थोडा वाढतो. दगड कमी वाढला आणि धातू जास्त वाढला, तर ओढाताण होणारच. टायटॅनियमची वाढ संगमरवराच्या वाढीच्या पुष्कळच जवळ जाते.

आता खरा प्रश्न येतो: सळई किती जाड घालायची? येथेच परीक्षेची गरज पडते. संगमरवर दाब पुष्कळ सोसतो, पण ताण त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच सोसतो. त्यातही लाकडाला जशा शिरा असतात तसे या दगडाला थर असतात, आणि थराच्या दिशेप्रमाणे त्याचे बळ बदलते. म्हणून त्याच डोंगरातला नवा दगड आणून त्याच्या तुळया करतात, मुद्दाम मोडतात, टायटॅनियमच्या आटे पाडलेल्या सळया आणि पांढरे सिमेंट यांनी सांधतात, आणि यंत्राखाली पुन्हा वाकवतात. दगडावर चिकटवलेली उपकरणे केसाहून बारीक ताण मोजतात. मडके घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो ना? येथे दगड आतून तडकू लागला की त्याचा आपल्या कानाला न येणारा आवाजही यंत्रे टिपतात.

या परीक्षांमागे एक सूत्र आहे. अतिभार आला तर आधी जोड सुटावा, जुना दगड फुटू नये. विजेच्या फ्यूजसारखेच हे आहे. फ्यूज जळतो म्हणून घर वाचते. सळई फार बळकट केली तर तडा नव्या ठिकाणी जाईल, आणि अडीच हजार वर्षांची शिळा काही दुसरी आणता येणार नाही. सळई मात्र बदलता येईल.

भूकंपाचीही परीक्षा होते. अथेन्सच्या तंत्रविद्यापीठात पार्थेनॉनच्या खांबाची एक तृतीयांश आकाराची संगमरवरी प्रतिकृती हलत्या मंचावर उभी करून हादरवली गेली. तुकडे डोलतात, किंचित सरकतात आणि घर्षणात धक्क्याचे बळ जिरते, असे दिसून आले. जलद बारीक धक्के असे खांब बरेच सोसतात. मोठे, संथ हेलकावे अधिक धोक्याचे. म्हणूनच टेकडीवर भूकंपमापक यंत्रे बसवलेली आहेत, आणि तटबंदीची हालचाल काचतंतूंच्या साहाय्याने मोजली जाते. रोग्याची दुरुस्ती झाली तरी नाडी पाहणे थांबवायचे नाही, असा हा प्रकार.

आणखी एक पथ्य पाळले जाते. जुन्या दगडाची तुटकी कड आता तासत नाहीत, नवा तुकडाच त्या कडेबरहुकूम कोरतात. आणि नवे ते नवे म्हणून ओळखू यावे, हा 1964 च्या व्हेनिस सनदेतला नियमही सांभाळतात.

आपल्या यादवकालीन देवळांतही चुन्यावाचून बसवलेले दगड आढळतात. अशा देवळाला तडा दिसला म्हणून सिमेंटचे घमेले उचलण्याची घाई करू नये. शिक्षकांनी मुलांना घेऊन तड्याच्या दोन्ही टोकांशी कागदाची चिठ्ठी धरावी, लांबी-रुंदी वहीत तारखेनिशी उतरवावी, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावे. तडा जुनाच आहे की वाढतो आहे, हे त्यातून कळेल. वाढत असेल तर ती वही घेऊन पुरातत्त्व खात्याकडे जावे. दुरुस्ती करणाऱ्याला अशा नोंदीचा मोठा आधार होतो, आणि ती ठेवायला एक वही अन् एक पट्टी पुरते.